खिडकीच्या प्रोग्रामांतील हरवलेले संदेश

आमच्या संगणक-वर्गांतील मुलांनीं आजवर जे लहानमोठे प्रोग्राम केले, त्यांपैकीं एका बिघडलेल्या प्रोग्रामानें आम्हांस जितकें शिकविलें, तितकें चांगल्या चाललेल्या दहांनीं शिकविलें नाहीं. तो प्रोग्राम पुराच्या पाण्याविषयींचा होता. शिरोळ तालुक्यांतील वाचकांस त्याचें प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाहीं. नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम होतो, आणि दोन्ही नद्या एकदम फुगल्या म्हणजे काय होतें, हें २००५, २०१९ व २०२१ या सालीं आपण सर्वांनीं पाहिलें आहे. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची पातळी मोजतात. तेथें ३९ फूट ही इशाऱ्याची व ४३ फूट ही धोक्याची पातळी धरलेली आहे. २०१९ सालीं पाणी ५५ फुटांच्याहि वर गेलें होतें. पावसाळ्यांत ‘आज किती फूट?’ हा प्रश्न आमच्याकडे ‘जेवण झालें का?’ या प्रश्नाइतकाच घरोघरीं ऐकूं येतो.

मुलांची कल्पना साधी होती. पडद्यावर एक खिडकी असावी. तींत एक रकाना व एक बटण असावें. जाहीर झालेला आंकडा रकान्यांत लिहून बटण दाबलें कीं तो मोठ्या अक्षरांत दिसावा, आणि ३९ च्या आंत खिडकी पांढरी राहून ३९ पासून पिवळी व ४३ पासून तांबडी व्हावी. हें सर्व त्यांनीं पायथन भाषेंत व तिच्याबरोबरच मिळणाऱ्या टीकेइंटर या साधनाच्या साहाय्यानें चार-पांच तासिकांत उभें केलें. वर्गांत प्रोग्राम नीट चालत असे. तो चालूं असतांना मागें एक काळी खिडकी उघडी राही, जिला कन्सोल म्हणतात. आणि बटण दाबलें कीं तींत ‘पाणी ४१ फूट, नोंद झाली’ अशी एक ओळ उमटे.

पालकांच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशीं मुलांस ती काळी खिडकी कुरूप वाटूं लागली. ती घालविण्याचा उपाय त्यांस ठाऊक होता. फाइलीच्या नांवाच्या शेवटीं ‘पीवाय’ हीं अक्षरें असतात, त्यांच्या जागीं ‘पीवायडब्ल्यू’ केलें कीं विंडोजवर तीच फाईल काळ्या खिडकीवांचून उघडते. मुलांनीं तसें केलें. खिडकी सुंदर दिसूं लागली. आम्हींहि पाठ थोपटली, हें कबूल केलें पाहिजे.

मेळाव्यांत एका पालकांनीं रकान्यांत ‘४१.५’ लिहिलें व बटण दाबलें. कांहींच झालें नाहीं. खिडकी पांढरीच राहिली व तींत प्रारंभीं दाखविण्यासाठीं ठेवलेला ३८ हाच आंकडा दिसत राहिला.

“काका, पुन्हां दाबून पाहतों,” असें म्हणून मुलानें तीन वेळां बटण दाबलें. खिडकी जशीच्या तशी.

“सर, हें कालचें पाणी दिसतें,” ते पालक आम्हांस हळूच म्हणाले. “बंद पडलें असतें तर आम्ही दुसरीकडे विचारलें असतें. हें चालूं आहे असें दाखवतें आणि जुनाच आंकडा सांगतें. त्यापेक्षां भिंतीवर खडूनें लिहिलेला बरा.”

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. प्रोग्राम कोसळला असता तर सर्वांच्या लक्षांत आलें असतें. हा उभा होता, नीटनेटका होता, आणि ४१ फूट पाण्यास ३८ म्हणत होता. चूक झाली होती ती झालीच. पण चूक झाल्याची बातमी कोणासहि कळली नव्हती. ती बातमी कोठें गेली, तें आतां पाहूं.

प्रत्येक प्रोग्राम सुरू होतांना त्याला तीन प्रवाह जोडून दिलेले असतात. पहिल्यांतून तो माहिती घेतो, दुसऱ्यांतून उत्तर देतो, आणि तिसऱ्यांतून आपल्या चुका सांगतो. आमच्या मुलांस हें उसाच्या रानाच्या उदाहरणानें लागलीच समजतें. मोटर सुरू केली कीं पाणी पाटानें वाहतें, व दारें धरणारा ज्या सरीकडे तें वळवील तिकडे जातें. कन्सोल ही त्या दुसऱ्या व तिसऱ्या पाटाच्या टोकाची सरी होय. पाटच बांधलेला नसेल तर मोटर सुरू करून उपयोग काय?

चुकांसाठीं निराळा प्रवाह असावा, ही गोष्टहि अनुभवांतून सुचलेली आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत युनिक्स ही प्रणाली घडत होती. तेथें लेख छापण्यासाठीं प्रकाशाच्या साहाय्यानें अक्षरें जुळविणारें एक यंत्र होतें, व त्याचा कागद छायाचित्राप्रमाणें रसायनांत धुवावा लागे. त्या वेळीं उत्तर व चूक एकाच वाटेनें जात. त्यामुळें एवढी खटपट करून कागद धुवून काढावा, तों त्यावर लेखाऐवजीं ‘अमुक फाईल सांपडत नाहीं’ एवढेंच सुबक टाइपांत छापलेलें असावें, असे प्रसंग घडले! पुढें चुकांचा प्रवाह वेगळा काढण्यांत आला, आणि ती व्यवस्था आज आपल्या हातांतील यंत्रांपर्यंत आलेली आहे.

आतां विंडोजविषयीं. या प्रणालींत चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामाच्या फाइलीच्या मथळ्यांतच तो कोणत्या जातीचा हें एका अंकानें लिहिलेलें असतें. २ हा अंक असेल तर तो खिडकीचा प्रोग्राम, ३ असेल तर कन्सोलचा. कन्सोलच्या प्रोग्रामाला कन्सोल नसेल तर विंडोज तो स्वतः उघडून देते. खिडकीच्या प्रोग्रामाला देत नाहीं. पायथनचे याच कारणानें दोन चालक आहेत. एकाचें नांव नुसतें ‘पायथन’, दुसऱ्याचें ‘पायथनडब्ल्यू’. मुलांनीं नांवाचीं अक्षरें बदललीं तेव्हां त्यांनीं नकळत चालक बदलला होता. हा दुसरा चालक कन्सोलवांचून सुरू झाला म्हणजे त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रवाहाच्या जागीं ‘नन’, म्हणजे ‘कांहीं नाहीं’, एवढेंच असतें.

येथें एक बारकावा आहे, आणि आमचा प्रोग्राम नेमका त्यांतच अडकला. पायथनच्या हल्लींच्या तिसऱ्या पिढींत ‘प्रिंट’ ही आज्ञा शहाणी आहे. प्रवाहाच्या जागीं कांहीं नाहीं असें दिसलें तर ती मुकाट्यानें परत फिरते. परंतु मुलांनीं एका जुन्या उदाहरणावरून ‘प्रिंट’च्या ऐवजीं प्रवाहालाच थेट ‘लिही’ असें सांगितलें होतें. जें नाहीं त्याला लिहावयास सांगितलें म्हणजे ‘ननपाशीं लिहिण्याची सोय नाहीं’ अशी चूक उभी राहते व हातीं घेतलेलें काम तेथेंच थांबतें. बटणाचें काम या क्रमानें होतें: आंकडा वाचणें, कन्सोलवर नोंदीची ओळ लिहिणें, मग खिडकींतील आंकडा व रंग बदलणें. दुसऱ्या पायरीवर चूक झाली, तिसरी पायरी आलीच नाहीं. टीकेइंटरनें ती चूक पकडली व रीतीप्रमाणें तिसऱ्या प्रवाहांत सांगावयास गेलें, तों तोहि नाहीं! म्हणून तें गप्प राहिलें आणि पुढच्या बटणाची वाट पाहूं लागलें. ‘नोंद झाली’ हें सांगण्याच्या धडपडींत नोंद राहिली.

पायथनच्या दुसऱ्या पिढींत, जिचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद झाला, हाच रोग अधिक फसवा होता. तेथें प्रवाह असल्यासारखा दिसे. लिहिलेलें सर्व एका टोपलींत सांचे, व ४०९६ बाइट भरले म्हणजे ती टोपली ओतण्याच्या वेळीं चूक होई. युटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें एक चिन्ह तीन बाइटांचें असतें. म्हणजे साधारण १३६५ चिन्हें होईपर्यंत सर्व आलबेल, आणि मग अकस्मात् घात. सकाळीं चाललेला प्रोग्राम दुपारीं कां मेला, हें शोधतांना तेव्हां कित्येकांनीं रात्री घालविल्या असतील.

मेळावा संपल्यावर मुलें प्रयोगशाळेंत परत आलीं व तोच प्रोग्राम पूर्वीच्या रीतीनें, काळ्या खिडकीसह, चालवून पाहूं लागलीं. दोष दिसेना! दिसणार कसा? काळी खिडकी उघडली कीं प्रवाह जागेवर येतात व रोगच नाहींसा होतो. त्यांनीं मग ‘पायथनडब्ल्यू’ चालवून त्याचें बोलणें एका फाइलींत वळविलें. तेव्हांहि दोष नाहीं, कारण वळविलें म्हणजे पाट बांधलाच. वैद्यापुढें आल्यावर ज्याचा खोकला थांबतो अशा रोग्याची येथें आठवण होते. म्हणून आमच्या वर्गांत आतां असा नियम आहे कीं प्रोग्राम ज्या रीतीनें वापरणारा उघडणार, म्हणजे चित्रावर दोनदां टिचकी मारून, त्याच रीतीनें त्याची परीक्षा घ्यावयाची.

दोष समजल्यावर एका हुशार मुलानें अर्ध्या मिनिटांत उपाय केला. बटणाच्या सर्व कामाभोंवतीं त्यानें ‘चूक झाली तर सोडून दे’ असें कुंपण घातलें, व नोंदीची ओळ सर्वांत शेवटीं नेली. रंग बदलूं लागला, टाळ्या पडल्या. आम्हीं रकान्यांत ‘४४ फूट’ असें लिहून बटण दाबलें. खिडकी पुन्हां पांढरी ती पांढरीच. पायथनला ‘४४’ हे देवनागरी अंक समजतात. पण ‘फूट’ हा शब्द जोडल्यावर त्याची संख्या करतां येत नाहीं, व चूक होते. ती चूक त्या कुंपणानें गिळली. धोक्याच्या पातळीच्या वर एक फूट पाणी, आणि खिडकी शांत! रिकामा झेल हें प्रोग्राम लिहिणाऱ्यांचें फार जुनें व्यसन आहे. त्यानें चूक नाहींशी होत नाहीं, तिचें तोंड तेवढें बांधलें जातें.

दुसऱ्या मुलांनीं सर्व छापील ओळी काढून टाकण्याचें सुचविलें. हें पहिल्यापेक्षां बरें. पण उद्यां नवीन बिघाड झाला तर कशावरून शोधावयाचा? संदेश निरुपयोगी नव्हते, त्यांना जागा नव्हती. तेव्हां जागा करून देणें हाच उपाय योग्य, असें ठरलें. प्रोग्रामाच्या अगदीं आरंभीं, दुसरें कांहीं करण्यापूर्वीं, दोन्ही प्रवाह जागेवर आहेत कीं नाहींत तें पाहावें. नसतील तर एक नोंदवहीची फाईल उघडून ते तिच्याशीं जोडावे.

ही फाईल कोठें ठेवावी यावर बराच वाद झाला. प्रोग्राम जेथें बसविलेला असतो त्या सामायिक जागेंत साध्या वापरकर्त्यास पुष्कळदां लिहितां येत नाहीं. तेथें ठेवली असती तर नोंदवही उघडतांनाच नवी चूक, आणि ती सांगण्यासही जागा नाहीं. म्हणून वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यांत ती ठेवली. ओळ पूर्ण होतांच ती फाइलींत उतरावी असेंहि सांगितलें. नाहींतर शेवटच्या ओळी टोपलींतच राहतात व वीज गेली म्हणजे त्यांच्याबरोबर जातात. आमच्याकडे पावसाळ्यांत वीज किती वेळां जाते तें वाचकांस ठाऊक आहेच.

एवढें केल्यावर प्रोग्राम पुन्हां अडला. यावेळीं मात्र मुलें आनंदलीं, कारण चूक कोणती तें कळण्याइतकी वाट त्यांनीं बांधली होती. चुकीचा अर्थ असा: ‘पाणी’ या शब्दांतील अक्षरांस कोष्टकांत जागा नाहीं.

याचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. संगणकास अक्षरें ठाऊक नसतात, अंक ठाऊक असतात. कोणत्या अक्षरास कोणता अंक, हें कोष्टकावर अवलंबून असतें. इंग्रजी ठेवणीच्या विंडोजवर जुन्या रीतीचें जें १२५२ क्रमांकाचें कोष्टक असतें, त्यांत फार तर २५६ जागा आहेत व त्यांत देवनागरीस एकहि नाहीं. आपल्या लिपींसाठीं आपल्या देशांत पुष्कळ परिश्रम झाले. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें जिस्ट हें तंत्र १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें वाढविलें. त्याच्या पट्टीमुळें जुन्या डॉसच्या पडद्यावरहि भारतीय अक्षरें उमटूं लागलीं. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें इस्की हें कोष्टक प्रमाण ठरविलें. त्याच सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला, आणि त्याची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरूनच घेतलेली आहे. म्हणजे आज आपण ‘पाणी’ लिहितों तेव्हां त्या अंकांच्या क्रमामागें आपल्याकडील मंडळींचे श्रम आहेत.

परंतु कोष्टक अस्तित्वांत असणें निराळें व प्रोग्रामानें तें वापरणें निराळें. डिसेंबर २०१६ मध्यें निघालेल्या पायथनच्या ३.६ या आवृत्तीपासून विंडोजच्या काळ्या खिडकींत थेट युनिकोडनें लिहिलें जातें. जोडाक्षरें तेथें पुष्कळदां तुटकीं दिसतात, पण चूक होत नाहीं. फाइलीस मात्र तो नियम लागू झाला नाहीं. कोष्टकाचें नांव न सांगतां फाईल उघडली तर विंडोजवर अनेक आवृत्त्या तें जुनें १२५२ चेंच घेतात. म्हणून काळ्या खिडकींत मराठी उमटली तेवढ्यावरून ती फाइलींतहि उमटेल असें समजूं नये. आमच्या मुलांनीं फाईल उघडण्याच्या आज्ञेंत ‘युटीएफ-८’ एवढें नांव घातलें आणि दुसरा अडथळा दूर झाला. इंग्रजींत संदेश लिहिणाऱ्यास ही अडचण कधीं भेटतच नाहीं. आपल्या भाषेंत लिहिणाऱ्यास ती पहिल्याच दिवशीं भेटते. तेवढ्यावरून संदेश इंग्रजींत करावे असें एकानें सुचविलें होतें. पुराचा आंकडा ज्यांच्यासाठीं आहे त्यांस वाचतां येणार नाहीं अशी नोंद ठेवण्यांत आम्हांस अर्थ दिसला नाहीं.

तरीहि त्या पालकांचा आक्षेप पूर्णपणें फिटला नव्हता. नोंदवहींत चूक लिहिली गेली, पण खिडकीपुढें बसलेल्या माणसास काय कळलें? टीकेइंटरमध्यें बटणाच्या कामांत चूक झाली असतां ती सांगणारें जें कार्य आहे, त्याच्या जागीं आपलें स्वतःचें कार्य ठेवतां येतें. प्रवाह नसतील तेथें तें अवश्य ठेवावें, असें त्या साधनाची माहितीपुस्तिकाच सांगते. मुलांनीं तसें केलें. आतां चूक झाली कीं तिचा सर्व तपशील नोंदवहींत जातो, आणि खिडकीवर लहानसा फलक येतो: ‘हा आंकडा घेतां आला नाहीं. कृपया केवळ संख्या लिहावी. वर दिसणारा आंकडा जुना आहे.’ तिसरें वाक्य एका मुलीनें सुचविलें. सर्व प्रोग्रामांत आम्हांस तेंच अधिक मोलाचें वाटतें. तिनेंच पुढें आंकड्याखालीं नोंदीची वेळ घातली, आणि सहा तासांत नवी नोंद झाली नाहीं तर खिडकी करड्या रंगाची व्हावी अशी व्यवस्था केली.

इतर साधनांविषयीं थोडेंसें. सी-शार्प भाषेंत खिडकीचा प्रोग्राम केला व त्यांतून कन्सोलवर ओळ लिहिली तर ती निमूटपणें नाहींशी होते. पण कन्सोल पुसण्याची आज्ञा दिली तर मात्र चूक होते, कारण पुसावयास पाटीच नसते. विंडोजला विनंति करून खिडकीच्या प्रोग्रामासहि कन्सोल मागून घेतां येतो. शोध घेतांना ही सोय बरी, लोकांस देतांना नको. जावाचेहि पायथनप्रमाणेंच दोन चालक आहेत. लिनक्सवर चित्रावरून उघडलेल्या प्रोग्रामाचे संदेश बहुधा प्रणालीच्या सामायिक नोंदवहींत सांपडतात, म्हणून तेथें शोध कांहींसा सोपा जातो.

पालकांस एक विनंति आहे. दुकानाचा हिशोब असो वा दूध-संकलनाचें यंत्र, त्याच्या पडद्यावर एखादा फलक आला तर ‘कांहींतरी इंग्रजी आलें होतें, बंद केलें’ असें न करतां त्याचें छायाचित्र दूरध्वनीवर घ्यावें. दुरुस्त करणाऱ्यास त्या दोन ओळी तासाभराच्या चौकशीपेक्षां अधिक सांगतात.

पाण्याचा प्रोग्राम आतां वर्गाच्या दाराशीं ठेवलेल्या जुन्या यंत्रावर पावसाळ्यांत चालूं असतो. त्याची नोंदवही दर शुक्रवारीं मुलें उघडून वाचतात. गेल्या खेपेस तींत एकाच दिवशीं सात वेळां ‘संख्या नाहीं’ अशी नोंद सांपडली. शोध घेतां असें दिसलें कीं कोणी ‘४०’ हा आंकडा लिहितांना शून्याऐवजीं ‘ओ’ हें इंग्रजी अक्षर दाबीत होतें. त्यावर काय करावें याविषयीं इयत्ता नववींत सध्यां दोन पक्ष पडले आहेत.